फिश फाइंडर घेण्याआधी तळ्याचा नकाशा ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ट्विन सिटीजच्या, म्हणजे मिनेसोटातल्या मिनियापोलिस-सेंट पॉलच्या, उपनगरात राहता, यंदा १६ फुटी जुनी अ‍ॅल्युमिनियमची बोट घेतली आहे, मागे ४० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि पुढे ट्रोलिंग मोटर, म्हणजे बोट हळू आणि आवाज न करता चालवणारी छोटी विजेची मोटर, आहे. मिनेटाँका आणि मिल लॅक्स या दोन लेकवर प्रामुख्याने वॉलआय हे मासे धरायचे आहेत. यंत्र, नकाशा, बॅटरी असं सगळं मिळून १,००० डॉलरच्या आत बसवायचं आहे. फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून (सोनार) तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, गार्मिन, हमिंगबर्ड, लोरॅन्स यांतलं कोणतं घ्यावं ते कळत नाही. दुकानदार लाइव्ह सोनारशिवाय पर्याय नाही म्हणतो, तर मित्र म्हणतो फोनवरचं अ‍ॅप पुरे. आणि शेवटचा प्रश्न, उजनीवर मासेमारी करणाऱ्या चुलतभावासाठी असंच एक मशीन न्यावं का.

मी इथल्या तळ्यांवर बरीच वर्षं गळ टाकतो आहे आणि ओळखीच्यांच्या बोटींवर ही यंत्रं बसवून देतो. माझं ठाम मत आहे की आधी नकाशा निवडायचा. तुमच्या लेकचा सगळ्यात चांगला नकाशा ज्या कंपनीच्या मशीनवर चालतो, ती तुमची कंपनी. त्यानंतर ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी पकडणारा भाग, आणि तो नीट बसवणं, आणि पडदा किती मोठा हे सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. दुकानात रंगीत पडदा पाहून मशीन उचलतात, आणि घरी आल्यावर कळतं की हवा असलेला नकाशा त्यात चालतच नाही.

नकाशा आधी का, ते हिशेबानेच पाहू. सोनारचा आवाज पाण्यात शंकूच्या आकारात पसरत खाली जातो. २०० किलोहर्ट्झला हा शंकू साधारण २० अंशांचा असतो. म्हणजे ३० फूट खोल पाण्यात तळाशी तुम्हाला दिसतं ते जेमतेम १०-११ फूट व्यासाचं वर्तुळ. अंधाऱ्या वावरात विजेरीच्या झोतात जेवढं दिसेल तेवढंच. मिल लॅक्सचा पसारा आहे सुमारे १,३२,००० एकरांचा. एवढ्या पाण्यात १० फुटांचं वर्तुळ फिरवत मासा शोधायला निघालात तर उन्हाळा संपेल. मासा कुठे असण्याची शक्यता आहे हे नकाशा सांगतो. तो तिथे आहे का, तळापासून किती वर आहे, भुकेलेला दिसतो का, हे फिश फाइंडर सांगतो. नावात 'फाइंडर' असलं तरी शोधण्याचं निम्म्याहून जास्त काम नकाशाचं आहे.

मिल लॅक्सचंच उदाहरण घ्या. हे लेक अवाढव्य असलं तरी सगळ्यात खोल जागी ४२ फुटांच्या आसपासच आहे. दक्षिणेकडे खडकांचे उंचवटे, आणि उत्तरेच्या भागात मधोमध गाळाच्या सपाट्या, ज्यांना इथे 'मड फ्लॅट' म्हणतात. सपाटीचा माथा साधारण २० ते २५ फुटांवर, भोवतालचं पाणी ३० च्या पुढे. वरून पाहिलं तर चहूकडे एकसारखं पाणी, किनारा दूर, खूण धरायला काही नाही. जूनमध्ये मेफ्लाय नावाच्या किड्याच्या अळ्या या गाळातून बाहेर पडू लागतात आणि वॉलआय त्या खायला सपाटीच्या कडांवर येतात. पण कड सगळीकडे सारखी नसते. कुठे ती बोटासारखी खोल पाण्यात घुसलेली असते, कुठे आत वळून खाच पडलेली असते, आणि मासे बहुधा अशा बोटांवर नाहीतर खाचांत जमतात. नकाशावर खोलीच्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की तिथे उतार तीव्र, लांब लांब असल्या की उतार सौम्य. एक एक फुटाच्या अंतराने रेषा काढलेल्या असतील तर ते बोट आणि ती खाच स्पष्ट दिसते. पाच-पाच किंवा दहा-दहा फुटांच्या रेषांचा नकाशा असेल, तर तीच जागा गुळगुळीत लंबगोल दिसते आणि तुम्ही तिच्यावरून न थांबता पुढे जाता.

आता हे नकाशे कुणाचे ते पाहू, कारण खरी मेख इथे आहे. अमेरिकेतल्या तळ्यांसाठी तीन मोठी घराणी आहेत. लेकमास्टर मूळ मिनेसोटातलं. आज ते जॉन्सन आउटडोअर्सकडे आहे, आणि हमिंगबर्ड आणि मिन कोटा ही ट्रोलिंग मोटर याच कंपनीची. त्यामुळे लेकमास्टरचं कार्ड हमिंगबर्डमध्येच चालतं. नॅव्हिऑनिक्स मूळची इटलीतली कंपनी, २०१७ मध्ये गार्मिनने विकत घेतली. तिसरं घराणं सी-मॅप. ते लोरॅन्ससोबत नॅव्हिको समूहात होतं, आणि तो समूह २०२१ मध्ये ब्रन्सविकने घेतला. म्हणजे प्रत्येक नकाशामागे एक मशीन विकणारी कंपनी उभी आहे. नॅव्हिऑनिक्सची कार्डं दुसऱ्या कंपन्यांच्या काही मशीनांतही चालतात, पण कोणत्या मॉडेलात चालतात हे वर्षागणिक बदलतं. 'मित्राच्या मशीनवर चालतं' यावर विसंबू नका. तुमच्या मॉडेलचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरांसकट, कार्ड विकणाऱ्या कंपनीच्या यादीत आहे की नाही ते पाहूनच पैसे द्या.

अमुक घराणं सगळ्यात चांगलं असं सरसकट सांगता येत नाही. प्रश्न तुमच्या लेकचा आहे. मिनेसोटात १० एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत, आणि ती सगळी कुणीच सारख्या काळजीने मोजलेली नाहीत. काहींवर कंपनीच्या बोटी ठरावीक अंतराच्या ओळींत फिरून मोजणी करून गेल्या आहेत. काहींचे नकाशे राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाच्या, म्हणजे डीएनआरच्या, जुन्या कागदी नकाशांवरून संगणकात उतरवलेले आहेत, आणि त्यांची मूळ मोजणी कित्येक दशकांपूर्वीची आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच देखणे दिसतात. एक एक फुटाची रेष आहे म्हणून प्रत्येक फूट मोजलेला आहे असं नसतं. दोन मोजलेल्या ओळींमधली जागा संगणकाने अंदाजाने भरलेली असते, आणि ओळी दूर असतील तर मधला खडक गायब होतो.

म्हणून विकत घेण्याआधी घरबसल्या तीन गोष्टी करा. डीएनआरच्या लेकफाइंडरवर तुमच्या लेकचं नाव टाका. खोलीचा नकाशा फुकट मिळेल, शिवाय माशांच्या सर्वेक्षणाचे अहवालही मिळतील, म्हणजे त्या पाण्यात वॉलआय आहेत तरी किती हेही कळेल. मग लेकमास्टरच्या यादीत ते लेक हाय-डेफिनिशन मोजणीचं म्हणून नोंदलेलं आहे का ते बघा. नॅव्हिऑनिक्सचा नकाशा ब्राउझरमध्ये उघडून तीच जागा पाहा. तुम्हाला माहीत असलेला एखादा उंचवटा, बुडालेला बांध किंवा पुलाजवळचा उथळ भाग दोन्हींत शोधा. ज्यात तो जागेवर आणि नीट आकारात आहे, तो नकाशा विश्वासाचा. मिनेटाँका आणि मिल लॅक्स ही दोन्ही प्रसिद्ध लेक असल्याने तिथे तुम्हाला निवडीला वाव आहे. खरी परीक्षा त्या तिसऱ्या-चौथ्या, घराजवळच्या छोट्या लेकची. तिथे संध्याकाळी तासाभरासाठी जाणार असाल तर तेही तपासून घ्या. कार्डं प्रदेशानुसार विभागलेली असतात. विस्कॉन्सिनलाही जाणं होणार असेल तर ते त्याच कार्डात आहे का, हेही आधीच बघा.

फोनच्या अ‍ॅपबद्दल मित्राचं निम्मं बरोबर आहे. नॅव्हिऑनिक्सचं बोटिंग अ‍ॅप वर्षाच्या वर्गणीवर मिळतं आणि घरी बसून आखणी करायला त्याच्यासारखं साधन नाही. आदल्या रात्री सोफ्यावर बसून पाच-सहा जागांवर खुणा करा, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे मोबाइलचं जाळं नसलं तरी चालेल. पण बोटीवर ऊन पडद्यावर आलं, बोटं ओली झाली, फोन तापून बंद पडला की अ‍ॅप कामाचं राहत नाही. आणि मुख्य गोष्ट म्हणजे फोनवर नकाशा आणि मशीनवर सोनार अशा दोन पडद्यांत नजर फिरवत ट्रोलिंग मोटर सांभाळणं जमत नाही. नकाशा आणि सोनार एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी हवेत. डावीकडे बोटीचं चिन्ह कडेवरून सरकतंय आणि उजवीकडे त्याच क्षणी तळ २४ वरून २९ वर उतरतोय, हे एका नजरेत दिसलं की लेक समजायला लागतं.

तुमच्यासाठी निवड मी अशी करेन. पुढची ट्रोलिंग मोटर मिन कोटाची असेल आणि तिच्यात जीपीएस असेल, तर हमिंगबर्ड हेलिक्स ७ आणि लेकमास्टर कार्ड. कारण या तिघांची जोडणी झाली की मोटरला 'ही २६ फुटांची रेष धरून चल' असं सांगता येतं. वारा असला तरी बोट त्या रेषेवरून जाते आणि तुमचे दोन्ही हात गळाला मोकळे राहतात. मड फ्लॅटच्या कडेवर यासारखं सुख नाही. त्यासाठी मशीन नेटवर्कवालं लागतं, मॉडेलच्या नावाच्या शेवटी 'एन' अक्षर असलेलं, आणि मोटरचं मॉडेलही या जोडणीला चालणारं हवं. दोन्ही तपासा. मोटर दुसऱ्या कंपनीची असेल किंवा साधी पायाने चालवायची असेल, तर गार्मिनच्या इकोमॅप मालिकेतलं ७ इंची मशीन घ्या. त्यात अमेरिकेतल्या तळ्यांचे नॅव्हिऑनिक्स नकाशे भरलेलंच मॉडेल मिळतं, कार्डाचा वेगळा खर्च वाचतो. लोरॅन्सचं सोनार उत्तम आहे. कंपनी जुनी, १९५० च्या दशकाच्या शेवटी हौशी मासेमारांसाठी पहिली छोटी सोनार यंत्रं तिनेच आणली. तुमच्या लेकचा सी-मॅप चांगला निघाला तर एलिट एफएस घ्यायला काहीच हरकत नाही.

एका बाबतीत मात्र सावध राहा. गार्मिनची स्ट्रायकर मालिका स्वस्त आहे, सोनार झकास आहे आणि खोक्यावर 'जीपीएस' लिहिलेलं असतं. पण त्यात तळ्यांचे नकाशे नसतात आणि नकाशाचं कार्डही चालत नाही. जीपीएस असणं वेगळं आणि नकाशा असणं वेगळं. 'जीपीएस आहे ना, मग झालं' म्हणून लोक ते घेतात आणि मग कार्ड घालायची खाच शोधत बसतात. बाकी कंपन्यांच्याही सगळ्यात स्वस्त मॉडेलांत हा घोळ असतो. दुकानात एकच प्रश्न विचारा, 'यात अमुक नकाशाचं कार्ड चालतं का?' आणि उत्तर मॅन्युअलमध्ये बोट ठेवून दाखवायला सांगा.

पडदा ७ इंची घ्या. ५ इंचीवर दोन भाग केले की दोन्ही निरुपयोगी होतात. ९ इंची नक्कीच छान, पण तुमच्या बजेटात मग नकाशावर किंवा बॅटरीवर कात्री लागेल, आणि तो सौदा वाईट आहे. दुकानात जाताना तुमचा पोलराइज्ड गॉगल घेऊन जा. काही पडदे गॉगलमधून विशिष्ट कोनात काळे पडतात, ते तिथेच कळेल.

आता सोनारच्या प्रकारांकडे येऊ. साधं चर्प सोनार प्रत्येक मशीनमध्ये असतं आणि मासा पाहायचं मुख्य काम तेच करतं. एका ठरावीक वारंवारतेऐवजी ते वारंवारतांचा एक पट्टा सोडतं, त्यामुळे तळाला चिकटलेला मासा तळापासून वेगळा दिसण्याची शक्यता वाढते. वॉलआयसाठी हे महत्त्वाचं, कारण हा मासा तळाशी राहतो. इथे शंकूच्या कोनाचा एक मुद्दा फार कमी लोक लक्षात घेतात. शंकू रुंद निवडला की जास्त दिसेल असं वाटतं. पण मशीन फक्त अंतर मोजतं, दिशा नाही. ३० फूट पाण्यात ६० अंशांच्या शंकूच्या कडेला, तळापासून ३ फूट वर असलेला मासा बोटीपासून जितका दूर, त्याहून बोटीच्या बरोबर खालचा तळ जवळ असतो. त्यामुळे तळाचा प्रतिध्वनी आधी येतो आणि मासा त्या जाड पट्ट्यात गडप होतो. हिशेब केला तर कडेला तळालगतचे सुमारे ४ फूट असे आंधळे होतात. २० अंशांच्या शंकूत हीच आंधळी जागा अर्ध्या फुटाची राहते. उतारावर ती आणखी वाढते. म्हणून वॉलआयसाठी २०० किलोहर्ट्झच्या आसपासचा अरुंद शंकू ठेवा. रुंद शंकू उथळ पाण्यात किंवा मधल्या थरात तरंगणाऱ्या माशांसाठी ठीक.

खाली बघणारं डाउन इमेजिंग तळावरची झाडं, गवत, दगड फोटोसारखे दाखवतं. मिनेटाँकाच्या खाड्यांत वॉटरमिलफॉइल नावाचं गवत माजतं, त्याची बाहेरची कड यात रेखीव दिसते. बाजूला बघणारं साइड इमेजिंग मात्र बजेटात बसत असेल तर नक्की घ्या. बोटीच्या दोन्ही बाजूंना ६०-८० फुटांपर्यंतचा तळ ते एका फेरीत दाखवतं. म्हणजे वर सांगितलेलं १० फुटांचं वर्तुळ एकदम दीडशे फुटांचा पट्टा होतं. ताशी ३ ते ५ मैलांच्या वेगाने सरळ रेषेत जा, वळताना चित्र ताणलं जातं. नकाशात नसलेला एकटा खडक, बुडालेलं झाड सापडलं की पडद्यावर कर्सर त्याच्यावर नेऊन खूण करा. मशीन त्या वस्तूची जागा नोंदवतं, बोटीची नाही. साध्या सोनारवरही हेच करा. मासा पडद्यावर दिसतो तोवर बोट त्याच्या पुढे गेलेली असते, त्यामुळे नुसतं बटण दाबलं तर खूण चुकीच्या जागी पडते.

लाइव्ह सोनार, म्हणजे गार्मिनचं लाइव्हस्कोप, लोरॅन्सचं अ‍ॅक्टिव्ह टार्गेट, हमिंगबर्डचं मेगा लाइव्ह. २०१८ मध्ये लाइव्हस्कोप आलं आणि मासेमारीची पद्धतच बदलली. गळ खाली जाताना आणि मासा त्याच्याकडे वळताना त्याच क्षणी दिसतो. तंत्र म्हणून मला त्याचा फार आदर आहे. पण तुम्हाला यंदा ते नको. नुसता ट्रान्सड्यूसर आणि त्याची पेटी यांचीच किंमत दीड हजार डॉलरच्या आसपास किंवा वर जाते, वर मोठा पडदा, दांडा आणि वेगळी लिथियम बॅटरी. त्याहून महत्त्वाचं कारण असं की ते तुम्हाला समोरच्या शंभरेक फुटांतलं दाखवतं, लेक शिकवत नाही. कडा, खाचा, गवताची हद्द, वारा कुठल्या बाजूला खाद्य ढकलतो, हे एकदा हातात आलं की मग लाइव्ह सोनार त्यावर चढवा. तेव्हा त्याचा पैसा वसूल होईल. गार्मिन घेतलंत तर मात्र लाइव्हस्कोपला पुढे जोडता येईल असंच मॉडेल घ्या, दार उघडं राहील.

आता बसवणं. चांगलं मशीन वाईट बसवलं तर त्याचा उपयोग नाही, आणि माझ्याकडे 'मशीन खराब आहे' म्हणून येणाऱ्या बोटींत बहुतेक वेळा दोष ट्रान्सड्यूसरच्या जागेत नाहीतर वायरीत असतो. ट्रान्सड्यूसर बोटीच्या मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, बहुधा उजव्या बाजूला लावतात, कारण बहुतेक इंजिनांचे पंखे घड्याळाच्या दिशेने फिरतात आणि त्या बाजूचं पाणी शांत असतं. पंख्यापासून कमीत कमी १५ इंच दूर. बोटीच्या पोटाखाली वाकून पुढच्या बाजूला नजर टाका. ट्रान्सड्यूसरच्या सरळ रेषेत पुढे रिव्हेटांची ओळ, उभारलेली पट्टी किंवा पाण्याचा पंप असेल तर तिथून बुडबुडे निघणार आणि ते थेट ट्रान्सड्यूसरवर येणार. हवेच्या बुडबुड्यांतून हा आवाज जात नाही. वेग घेतला की तळ नाहीसा होतो तो यामुळे. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत ट्रान्सड्यूसरचा तळ बोटीच्या तळापेक्षा साधारण ३/८ इंच खाली ठेवतात. फायबरच्या बोटीत १/८ इंच पुरतो. ट्रेलरवर बोट उभी असताना मागून पाहिलं तर ट्रान्सड्यूसर डावी-उजवीकडे जमिनीशी समांतर हवा, नाहीतर साइड इमेजिंगची एक बाजू आभाळ पाहते आणि दुसरी चिखल.

बोटीला थेट भोकं पाडू नका. आधी जाड प्लॅस्टिकची फळी मरीन सीलंट लावून दोन-तीन स्क्रूंनी बसवा आणि ट्रान्सड्यूसर त्या फळीवर लावा. जागा बदलायची झाली, उद्या दुसरं मशीन आलं, तर नवी भोकं फळीत पडतील, बोटीत नाही. ट्रान्सड्यूसरची वायर कापून आखूड करू नका. उरलेली वायर सैल गुंडाळून बाजूला बांधा आणि ट्रोलिंग मोटरच्या जाड वायरीपासून दूर ठेवा. फायबरच्या बोटीत ट्रान्सड्यूसर आतून तळाला चिकटवून आवाज आरपार पाठवतात, तसं अ‍ॅल्युमिनियममध्ये करू नये. कुणी सुचवलं तर ऐकू नका.

वीज थेट बॅटरीवरून घ्या, मध्ये मॅन्युअलमध्ये दिलेल्या अँपिअरचा फ्यूज घालून. जुन्या बोटीतल्या गंजक्या फ्यूजपट्टीतून नको. इंजिन सुरू करताना बॅटरीचा दाब क्षणभर पडतो आणि मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं. ट्रोलिंग मोटरच्याच बॅटरीवर जोडलं तर मोटर फिरताना पडद्यावर तिरप्या रेघांचा पाऊस पडतो. ७ इंची मशीन तासाला जेमतेम एखादा अँपिअर-अवर खातं. त्यासाठी १२ व्होल्टची छोटी वेगळी बॅटरी ठेवली की दोन्ही कटकटी मिटतात, आणि हीच बॅटरी हिवाळ्यातही कामाला येते. मोटर २४ व्होल्टची असेल तर त्या दोन बॅटऱ्यांच्या जोडीला मशीन जोडू नका, यंत्र जळेल.

पाण्यावर गेल्यावर पहिलं काम म्हणजे माशांची चित्रं दाखवणारी सोय बंद करा. मशीन गवताला, बुडबुड्यांनाही मासा म्हणून चिन्ह देतं. कच्चा प्रतिध्वनी वाचायला शिका. बोट मासा ओलांडून गेली तर त्याची कमान दिसते, कारण शंकूच्या कडेला तो लांब असतो, मध्ये जवळ येतो, पुन्हा लांब जातो. बोट आणि मासा दोन्ही स्थिर असतील तर कमान न दिसता लांब आडवी रेघ दिसेल. तोही मासाच. अर्धी कमान म्हणजे मासा शंकूच्या कडेवरून गेला. नवीन माहिती नेहमी उजव्या कडेला असते. डावीकडे सरकलेलं ते होऊन गेलेलं. संवेदनशीलता पडद्यावर ठिपके उठेपर्यंत वाढवा आणि मग दोन पायऱ्या खाली आणा. तळ कठीण आहे का पाहायचं असेल तर खोलीची मर्यादा दुपटीहून थोडी जास्त ठेवा. २० फुटांवर दगड असेल तर ४० वर तळाची दुसरी सावली उमटते, गाळ असेल तर उमटत नाही. मिल लॅक्सला गाळ संपून खडी कुठे सुरू होते ते असं कळतं, आणि वॉलआयला ती हद्द आवडते.

नकाशावर दोन सेटिंग लगेच करा. चार फुटांपेक्षा उथळ भाग लाल रंगात दाखवा, पंखा आणि दगड यांची गाठ पडणार नाही. आणि पाण्याची पातळी. इथल्या नैसर्गिक लेकमध्ये ती एखाद-दोन फूट वर-खाली होते. पण उद्या डकोटात मिझूरी नदीवरच्या सकाकाविया किंवा ओआहे जलाशयावर गेलात तर दुष्काळी वर्षात ती कितीतरी खाली असते. लेकमास्टरमध्ये पातळीचा फरक भरता येतो, मग सगळ्या रेषा त्यानुसार सरकतात.

बर्फावरच्या मासेमारीचा विचार आत्ताच करा, कारण डिसेंबरनंतर बोट अंगणात आणि तुम्ही बर्फावर असाल. मशीन पटकन सुटणाऱ्या ब्रॅकेटवर लावा. बर्फाचा वेगळा ट्रान्सड्यूसर आणि छोटी पेटी घेतली की हेच मशीन, हाच नकाशा गोठलेल्या मिल लॅक्सवर जातो. उन्हाळ्यात केलेल्या खुणांवर चालत जाऊन भोक पाडता येतं.

आता उजनी. लेकमास्टरचं कार्ड तिथे घेऊन जाण्यात काहीच अर्थ नाही, ते इथल्या तळ्यांचं आहे. तिथे भावाला नकाशा स्वतः बनवावा लागेल, आणि तसं करता येतं. गार्मिनमध्ये क्विकड्रॉ, हमिंगबर्डमध्ये ऑटोचार्ट लाइव्ह, लोरॅन्समध्ये जेनेसिस लाइव्ह अशा सोयी आहेत. बोट जिथून जाईल तिथली खोली मशीन नोंदवतं आणि एक एक फुटाच्या रेषा काढत जातं. आणि इथे वर ज्याला मी नको म्हटलं तीच स्ट्रायकर त्याच्यासाठी योग्य आहे. घालायला कार्डच नाही तर कार्डाच्या खाचेचे पैसे का द्यायचे? क्विकड्रॉ स्ट्रायकर प्लस आणि स्ट्रायकर व्हिव्हिडमध्येही आहे (साध्या स्ट्रायकर ४ मध्ये नाही) आणि २० लाख एकरांपर्यंतचा नकाशा त्यात मावतो, उजनीला तो कुठल्या कुठे पुरतो. त्याला मासा शोधण्यापेक्षा मोठा फायदा जाळ्याचा होईल. धरणात गावं, झाडं, जुनी घरं बुडालेली आहेत. पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं ते सगळ्यांना माहीत आहे. जे वर येत नाही त्यात जाळं अडकून फाटतं. अशा प्रत्येक जागेवर खूण करून ठेवली की जाळं कुठे सोडायचं नाही हे अंधारातही कळेल.

उजनीची अडचण पातळीची. पूर्ण भरल्यावर ४९६.८३ मीटर, आणि उपयुक्त साठा संपतो तेव्हा ४९१.०३, म्हणजे ५.८ मीटरचा, जवळपास १९ फुटांचा फरक. वाईट वर्षी धरण वजा टक्क्यांत जातं ते आणखी वेगळं. ऑगस्टला भरलेल्या धरणात काढलेली रेष आणि एप्रिलला काढलेली रेष एकाच नकाशात मिसळली तर नकाशाचा खिचडा होईल. क्विकड्रॉमध्ये रेकॉर्डिंग ऑफसेट नावाचं सेटिंग आहे. भावाला सांगा, एक पक्की जागा ठरव, एखादा बुडालेला चौथरा किंवा खडक, जो तळाशी हलत नाही. पहिल्या दिवशी तिथली खोली वहीत लिही. पुढच्या वेळी नोंद सुरू करण्याआधी त्याच जागी जा. पहिल्या दिवशी तिथे ३० फूट होते आणि आज २४ दिसतात, तर ६ फुटांचा फरक ऑफसेटमध्ये भर, म्हणजे नव्या रेषा पहिल्या दिवसाच्या पातळीलाच बसतील. फरक अधिक भरायचा की वजा, हे त्याच जागी थोडा वेळ नोंद करून बघ. जुनी रेष आणि नवी रेष एकमेकींवर आली पाहिजे. वर्तमानपत्रात रोज धरणाची पातळी येते, तीही शेजारी लिहून ठेवली तर पडताळा राहील.

ट्रान्सड्यूसर त्याच्या होडीला कायमचा लावायची गरज नाही. काठाला शिकंजाने आवळता येईल असा लोखंडी पाइप घ्या, खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसर, पाण्यात फूटभर. जाळं ओढताना तो वर उचलून घ्यायचा. बॅटरी तिथेच १२ व्होल्टची मिळेल, त्यामुळे इथून फक्त मशीन, ट्रान्सड्यूसर आणि फ्यूजसकट वायर न्या, लिथियम बॅटरी सामानात घालू नका.